भिंतीबाहेरचे एकेचाळीस दगड

किलव्हॅरन, नावनजवळ, आयर्लंड
३ जून २०२५

तीर्थरूप ताईस,
गुरुनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझी भावजय वीणा आणि मी सुखरूप पोचल्याचं तुझ्या हरीशला फोनवर कळवलं होतं, आणि त्याने तुला पाटीवर लिहून दाखवलंही असेल. पण तेवढ्याने तुझं समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे. कान गेल्यापासून तू पत्रांचा हट्ट धरलास त्यात माझाच फायदा झाला. पुरातत्त्व खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तेव्हापासून बोटांना शाई अशी लागलीच नव्हती.

शर्वाणीचं घर नावन गावापासून सात किलोमीटरवर आहे. ती सकाळी सातला हॉस्पिटलात जाते, जावईबापू श्रेयस त्याआधीच लिक्सलिप गावातल्या संगणक-चिपच्या कारखान्याकडे गाडी काढतात. नात रेवती नऊ वर्षांची आहे. मी बोलतो ते सगळं मराठी तिला कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या लोकांच्या चालीवर. जेवलीस का विचारलं की ती ग्रँड म्हणते. पहिल्या दिवशी मला वाटलं काही थोर घडलं. ग्रँड म्हणजे इथे नुसतं बरं. कपाटाला प्रेस म्हणतात. माझे सदरे प्रेसमध्ये आहेत असं तिने सांगितल्यावर मी वीणाला इस्त्रीवाला कुठे बसतो ते विचारायला गेलो. दोघी अजून हसताहेत.

वीणाचे गुडघे तिला फिरू देत नाहीत, तेव्हा मी एकटाच निघतो. किलव्हॅरन म्हणजे एक पॅरिश आहे. आपल्याकडे एका ग्रामदैवताची पंचक्रोशी असते, तशी ही एका चर्चची. आणि काय काय जपून ठेवलंय या लोकांनी. माळावर आठशे वर्षांचं पडकं चर्च आहे, छप्पर गेलेलं, पण पूर्वेच्या खिडकीची कमान शाबूत. कमानीवर दगडी चेहरा आहे, पावसाने त्याचं नाक झिजलंय, तरी हसतो. खाली उतरलं की एक पवित्र झरा, शेजारी काटेरी झाड, झाडाला नवसाच्या चिंध्या. रस्त्यापलीकडे चौकोनी मनोऱ्याचं दुसऱ्या पंथाचं छोटं चर्च, त्याची किल्ली एका शेतकरणीकडे असते. ती हात पुसत येते, दार उघडते आणि आपण किती वेळ बघतो याची घाई करत नाही. एका शेताच्या मधोमध मातीचं जुनं गोल रिंगण आहे. तिथे परीलोकांची वस्ती आहे म्हणून मालक नांगर फिरवत नाही. आपली देवराई आठवली.

हे सगळं मला दाखवलं डेक्लन यांनी. ते निवृत्त पोस्टमन, गावाच्या वारसा समितीचे अध्यक्ष. ऑगस्टमध्ये इथे देशभर वारसा सप्ताह असतो. त्यासाठी समिती पॅरिशमधल्या जुन्या जागांची घडीपत्रिका छापते आहे, नकाशासकट. मी माझा ब्रश आणि शिलालेखाचा ठसा घ्यायचा कागद सुटकेसमधून आणला होता. डेक्लन म्हणाले की परवानगीशिवाय इथल्या दगडाला पाणी, कागद, ब्रश काही लावायचं नाही. मला राग नाही आला, उलट बरं वाटलं. चौतीस वर्षं आपण लोकांना हेच सांगत फिरलो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पडक्या चर्चच्या आवाराला दगडी भिंत आहे. त्या भिंतीच्या बाहेर, उत्तरेच्या अंगाला, आपल्या आग्यासारखी झोंबणारी झुडपं माजली आहेत. त्यांच्यात मला लहान लहान दगड दिसले. शेतकऱ्याने नांगरताना वेचून टाकलेले, असं डेक्लन म्हणाले. पण ताई, टाकलेला दगड आडवा पडतो. हे उभे रोवलेले आहेत, आणि आवारातल्या थडग्यांसारखी सगळ्यांची तोंडं पूर्वेला. जुलैअखेर तिथूनच पाहुण्यांसाठी खडीची वाट जायची आहे.

शर्वाणीजवळ विषय काढला. ती म्हणाली की बाबा, नऊ वर्षांनी आम्ही इथे रुळलो आहोत, तुम्ही तीन महिन्यांचे पाहुणे, त्यांच्या कामात चूक काढू नका. तिचंही खरं आहे. तू काय म्हणतेस?

वडील बहिणीची माया कागदावरून पोचते तशीच पोचत राहो.
तुझा,
गुरुनाथ

*

कऱ्हाड
१६ जून २०२५

चि. गुरुनाथ यास,
शुभदाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा तुझ्या अक्षरासाठी, तिसऱ्यांदा लाल पेन घेऊन. चूक एकही सापडली नाही, याचं मुख्याध्यापिका म्हणून समाधान आणि ताई म्हणून थोडं वाईट वाटलं.

मी बरी आहे. हरीश कॉलेजात शिकवून आला की पाटीवर दिवसभराच्या बातम्या लिहितो, सूनबाई त्यात गाळलेलं भरते. वाचनालयातल्या बायकांना तुझ्या झऱ्याचं आणि चिंध्यांच्या झाडाचं वर्णन वाचून दाखवलं. मला त्यांचे प्रश्न ऐकू येत नाहीत, त्यामुळे वर्णन विनाअडथळा पार पडतं.

आता दगडांचं. गुरू, तुझे साहेब ग्रंथ लिहायचे आणि तू ठसे घ्यायचास. ग्रंथावर साहेबांचं नाव असायचं. तू कधी कुरकुर केली नाहीस, मी मनात पुष्कळ केली. पण त्या साहेबांनीच एकदा आमच्या ओसरीवर चहा पिताना मला सांगितलं होतं की दगड आम्ही वाचतो, पण वाचण्याजोगा दगड कुठला ते गुरुनाथ सांगतो. ते वाक्य मी आजवर तुला सांगितलं नाही, तू शेफारू नयेस म्हणून. आता अडुसष्टाव्या वर्षी शेफारलास तरी चालेल.

शर्वाणीला दुखवू नकोस. पण वाट झाल्यावर सांगण्यात काय अर्थ? त्या पोस्टमनना सरळ जाऊन सांग. आणि नुसतं मला वाटतं असं म्हणू नकोस, मोजून, आखून, कागद पुढे ठेव. मोजमापाशिवाय कळवलेलं मलासुद्धा पटत नाही.

वीणाला गुडघ्यावर शेक घ्यायला सांग. रेवतीच्या गालाला हात लाव.
तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई

*

किलव्हॅरन
३० जून २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. चार दिवस त्या झुडपांत हातमोजे घालून, दोरी आणि टेप घेऊन बसलो. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. दगड एकेचाळीस. सर्वांत उंच दीड फूट, सर्वांत बुटका वीतभर. चार ओळी, पूर्व-पश्चिम. दोन दगडांमधलं अंतर कुठेही तीन फुटांच्या वर नाही.

गुरुवारी समितीच्या बैठकीला गेलो. चहा, बिस्किटं, बारा-तेरा माणसं. माझ्या इंग्रजीला घाम फुटला, पण कागदाने काम केलं. ते आपसांत बोलताना सारखं युवर मॅन, युवर मॅन म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते. मला वाटलं मला कोणाचा तरी नोकर समजताहेत. शर्वाणीने नंतर सांगितलं की युवर मॅन म्हणजे इथे नुसतं हा गृहस्थ. सगळ्यांनी ऐकून घेतलं, ग्रँड म्हणाले. डेक्लन म्हणाले की खोदायचं यंत्र एकवीस जुलैला ठरलं आहे, त्याआधी आणखी काही दाखवता आलं तर बघा, माझी ना नाही.

लोक उठल्यावर एक आजीबाई मागे थांबल्या. नोरा त्यांचं नाव, वय त्र्याऐंशी. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की सर्वांत कमी अंतर किती आहे. मी सांगितलं, दोन फूट दोन इंच. बाळाएवढंच, म्हणत त्या खुर्चीवर बसल्या. मग सांगू लागल्या.

त्या सहा वर्षांच्या असताना त्यांच्या आईला मुलगा झाला. सकाळी झाला, दुपारी गेला. पाद्री यायच्या आत गेला, म्हणजे बाप्तिस्मा झाला नाही. त्या काळी बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाला चर्चच्या आवारात जागा नसे. वडील गवंडी होते, दगडी कुंपणं बांधायचे. त्यांनी एका खोक्यात बाळ ठेवलं, खोकं सायकलला बांधलं आणि एकटेच गेले. नोराबाई खिडकीतून बघत होत्या. परत आल्यावर कोणी काही विचारलं नाही, आणि आई-वडील जाईपर्यंत त्या घरात तो विषय निघाला नाही. एवढंच ऐकून होत्या की जुन्या चर्चपाशी, ऊन न येणाऱ्या बाजूला. गावात अशी पुष्कळ घरं आहेत म्हणाल्या. माहीत सगळ्यांना, बोलत कोणी नाही. म्हणून नकाशावरही काही नाही.

मी म्हटलं की तिथे अक्षर सापडेल असं वचन मला देता येणार नाही. त्या म्हणाल्या, बघा तरी.

शर्वाणी मात्र नाराज झाली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाली की बाबा, हे इथल्या लोकांनी झाकून ठेवलेलं दुःख आहे, ते उघडणारे आपण कोण. उत्तर नोराबाईंनीच दिलं. रविवारी स्वतः गाडी चालवत आल्या, केकचा डबा टेबलावर ठेवला आणि शर्वाणीला म्हणाल्या की तुझ्या वडिलांना मी विचारू शकले, कारण ते इथले नाहीत. इथल्या माणसाला विचारताना माझी जीभ सत्तर वर्षं वळली नाही. शर्वाणीने केक कापला आणि पहिला तुकडा त्यांना दिला.

आता ऊन हवं आहे. या देशात तेवढं एक मागून मिळत नाही.

तिकडून तुझा हात पाठीवर असू दे.
गुरुनाथ

*

किलव्हॅरन
१५ जुलै २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, सापडलं.

क्रमाने सांगतो, नाहीतर रागावशील. दगडाला काही लावायचं नाही, तेव्हा राहिला उजेड. झिजलेल्या अक्षरावर समोरून ऊन पडलं तर काही दिसत नाही, बाजूने तिरपं पडलं तर अक्षर सावली धरतं. पण ही उत्तरेची बाजू, वर भिंत, त्यावर झाड. म्हणून शर्वाणीच्या प्रेसच्या दाराचा उभा आरसा काढून घेतला. श्रेयसनी स्वतः स्क्रू सोडवून दिले. त्यांना या यंत्रयुक्तीची फार मौज वाटली. रेवतीला सुट्टी लागली आहे. ती भिंतीच्या टोकाशी उन्हात आरसा धरून उभी राहायची आणि मी खुणेने वळवायला सांगायचो. अकरा दिवसांत ऊन मिळालं ते एकूण चार-पाच तास. ढग आला की ती आरसा खाली ठेवून मला इथल्या ढगांची नावं शिकवायची.

तेविसाव्या दगडावर नववा दिवस. आधी एक छोटा क्रूस दिसला, बोटाच्या पेराएवढा. त्याखाली पाच अक्षरं, टोकदार छिन्नीने घाईत काढलेली. मायकल हे नाव जुन्या दगडांवर इथे आखडून कोरतात, तसं. आणि खाली १९४८.

मी लगेच कोणाला सांगितलं नाही. साल नोराबाईंच्या हिशोबाशी जुळत होतं, पण त्या साली या पॅरिशमध्ये दुसरंही मूल गेलं असेल. म्हणून नोराबाईंकडे गेलो आणि विचारलं की वडिलांच्या हातचं काही कोरीव आहे का. त्यांनी गोठ्यावर नेलं. दाराच्या दगडी तुळईवर १९५१ कोरलेलं. मी फोटो जुळवले. एकाच्या आकड्याखाली उजवीकडेच पाय काढायची लकब, आणि नवाचं शेपूट सरळ, काठीसारखं. दोन्हीकडे तंतोतंत. चौतीस वर्षांत मी हातांवरून माणसं ओळखायला शिकलो, एवढंच काय ते माझं शिक्षण. हात एकच होता.

तेव्हा मात्र त्यांना घेऊन गेलो. रेवतीने आरसा धरला. नोराबाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या की मायकल माझ्या वडिलांचं नाव. त्यांनी स्वतःचं नाव त्याला दिलं आणि आम्हाला सांगितलं नाही. मी इतकी वर्षं प्रार्थनेत नुसतं ते बाळ म्हणत आले. त्यांनी हातमोजा काढला आणि बाळाच्या टाळूवर ठेवतात तसा तळवा दगडाच्या माथ्यावर ठेवला. रेवतीचा आरसा हलायला लागला, म्हणून मी तो तिच्या हातून घेतला.

डेक्लननी त्याच दिवशी जिल्ह्याच्या पुरातत्त्व अधिकारी बाईंना बोलावलं. तरुण आहेत. गुडघ्यावर बसून एकेक दगड बघितला, माझा नकाशा मागून घेतला. सरकारी नोंदीत आता ही जागा लहान मुलांची दफनभूमी म्हणून जाईल. यंत्र रद्द झालं. वाट दक्षिणेकडून जाईल. बाईंनी मला विचारलं की हे मोजमाप कुठल्या पदवीत शिकवतात. मी सांगितलं, आमच्याकडे शाईच्या बोळ्याबरोबर शिकवतात.

डेक्लन म्हणतात की सतरा ऑगस्टच्या फेरीत या जागेविषयी मीच बोलायचं. झोप उडाली आहे.

हे सगळं तुझ्या एका पत्रामुळे झालं, तेव्हा यातला मोठा वाटा तुझ्याकडे पाठवतो आहे. ठेवून घे.
गुरुनाथ

*

कऱ्हाड
२९ जुलै २०२५

चि. गुरुनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी घरात मी एकटी होते हे बरं झालं. अभिमान वाटला, हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तू ते विसरशील.

तुला आठवत असेल, १९७४ साली मला मुलगा झाला होता आणि पाचव्या दिवशी गेला. तू तेव्हा कॉलेजसाठी आमच्याकडेच राहत होतास. बारसं झालं नव्हतं, म्हणून त्याला नाव नाही असं सगळे म्हणाले. मला खोलीबाहेर येऊ दिलं नाही. तुझे भाऊजी सकाळी गेले आणि दुपारी आले. कुठे ठेवलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तीन वर्षांनी हरीश झाला, माणसं म्हणाली झालं गेलं विसर. मी शाळेत नोकरी धरली, अडीच हजार मुलींची नावं हजेरीत पुकारली. लोक म्हणत शुभदाबाईंना एकही नाव विसरायला होत नाही.

गुरू, त्याला नाव होतं. तिसऱ्या दिवशी दूध पाजताना मी त्याला दिलीप म्हटलं होतं. दोन दिवस म्हणत होते. हे मी तुझ्या भाऊजींनाही सांगितलं नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली, आता सांगायचं राहूनच गेलं.

यावर मला काही उत्तर नको आहे. नोराबाईंनी त्र्याऐंशीव्या वर्षी विचारलं, मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी निदान लिहावं, एवढंच. त्यांना माझा नमस्कार सांग. कारण सांगू नकोस.

सतराला नीट उभा राहा. कुबड काढून बोलायची तुझी सवय आहे.
ताई

*

किलव्हॅरन
९ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

उत्तर नको म्हणालीस तरी हे लिहिणं भाग आहे.

त्या सकाळी भाऊजी एकटे नव्हते. मीही गेलो होतो. सतरा वर्षांचा होतो. वाटेत काही वेळ दिलीपला मी घेतलं होतं. कोयनेच्या काठी, पुराची रेघ जिथे पोचत नाही तिथे, एका करंजाखाली जागा केली. भाऊजींनी नदीतून एक काळा दगड उचलून आणला आणि त्यावर ठेवला. परतताना त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला की तुझ्यापाशी कधी बोलायचं नाही, तुला त्रास होईल. मी एकावन्न वर्षं तो पाळला. पाळण्यात चुकलो की काय, हे या महिन्यात रोज मनात येतं.

करंज आहे की नाही माहीत नाही. जागा मला दाखवता येईल. बावीसला निघतो आहे.

तुझा,
गुरू

*

किलव्हॅरन
२१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शर्वाणीचा सा. न.

मराठीत पत्र लिहून वीस वर्षं झाली असतील, तेव्हा लाल पेन जरा लांब ठेव. हे पाकीट बंद करून बाबांच्याच बॅगेत ठेवते आहे. कारण सतरा तारखेचं ते तुला सांगतील ते अर्धंच असेल, आणि त्यात ते स्वतः कुठेच नसतील.

फेरीला पन्नासेक लोक येतील असं वाटलं होतं, दीडशेच्या वर आले. आमच्या मराठी ग्रुपमधली आठ-दहा घरं डब्लिनजवळच्या ओंगारहून आली होती. पाऊस बारीक पडत होता. डेक्लननी पडकं चर्च दाखवलं, झरा दाखवला, शेतकरीण किल्ली घेऊन आली. हातात सगळ्यांच्या घडीपत्रिका. नकाशावर सहावा क्रमांक या जागेचा. मागे आभारात बाबांचं नाव आहे, गुरुनाथचं गुरुनाट झालंय. बाबा म्हणाले, आठशे वर्षांनी कोणीतरी दुरुस्त करेल.

मग सगळे उत्तरेच्या बाजूला आले आणि बाबांना पुढे केलं. त्यांनी इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. दोन वाक्यं नीट गेली. तिसऱ्याला ते थांबले. दगडांकडे बघत राहिले. मला वाटलं आता मी पुढे व्हावं. तेवढ्यात ते मराठीत बोलायला लागले, अगदी हळू, घरात बोलतात तसे. आणि रेवती जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. आत्या, या मुलीने आजवर मला मराठीत एक ग्लास पाणी मागितलेलं नाही. बाबांचा एक शब्द तिने चुकवला नाही. एकदाच अडली, रोवणे म्हणजे काय ते त्यांना विचारलं, त्यांनी हाताने करून दाखवलं.

बाबा म्हणाले की आमच्याकडेही अगदी लहान बाळाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. ठेवणारा वर दगड ठेवतो. हा दगड लपवण्यासाठी नसतो, पुन्हा ओळखू यावा म्हणून असतो. इथे एकेचाळीस वेळा कोणीतरी वाकून दगड उभा केला, पूर्वेकडे तोंड करून, जसं आत भिंतीपलीकडे मोठ्या माणसांचं केलं तसंच. ज्यांना आत जागा मिळाली नाही त्यांना त्यांच्या माणसांनी बाहेर तोच मान दिला. मी तुमच्या पॅरिशमध्ये पुष्कळ सुंदर दगड पाहिले, पण सर्वांत काळजीने बसवलेले हे आहेत, तुम्ही यांचा अभिमान बाळगा.

एवढंच. मग नोराबाई पुढे गेल्या आणि तेविसाव्या दगडापाशी मोठ्याने म्हणाल्या, मायकल. पाठोपाठ एक उंच म्हातारा शेतकरी टोपी काढून पुढे झाला. म्हणाला, कुठला दगड ते मला माहीत नाही, पण यात माझी बहीण आहे. मग आणखी एक बाई. मग दोघे भाऊ. संध्याकाळपर्यंत डेक्लनकडे अकरा घरांची नोंद झाली. ज्या गोष्टीला हे गाव घाबरेल असं मला वाटत होतं, तिचीच ते वाट बघत होते. मी चुकले, हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ग्रँड.

आजवर या गावात बाबांची ओळख म्हणजे डॉक्टरांचे वडील. सोमवारी हॉस्पिटलात एका आजोबांनी माझ्या कोटावरचं नाव वाचलं आणि विचारलं की दगडवाल्या माणसाची मुलगी ती तूच का. मी हो म्हटलं. माझ्या सगळ्या पदव्या मिळून एवढं बरं वाटलं नव्हतं.

बाबा या महिन्यात गप्प गप्प आहेत, नऊ तारखेपासून जास्त. काय आहे ते सांगत नाहीत. तू विचार.

तुझ्या मायेत मी लहान होते तेवढीच असू दे.
शर्वाणी

*

कऱ्हाड
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. शर्वाणीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात चुका सात. एकही दुरुस्त केलेली नाही, तशीच जपून ठेवणार आहे. रेवतीला सांग की तिच्या आजोबांचं भाषांतर करणारी माणसं खात्यात कधी मिळाली नाहीत, आणि आत्याआजीने तिच्याविषयीचा मजकूर वाचनालयात उभं राहून वाचून दाखवला. मला टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या.

तुझे बाबा गप्प होते त्याचं कारण मी होते. तुला ते बोललेले नसतील. हरीशच्या आधी मला एक मुलगा झाला होता, पाच दिवस होता. त्याला ठेवायला तुझे बाबा माझ्या यजमानांबरोबर गेले होते, आणि मला न सांगण्याचा शब्द त्यांनी इतकी वर्षं पाळला. मी त्यांच्यावर रागावले नाही, हे तुला मुद्दाम लिहिते. सतरा वर्षांच्या पोराने माझं मूल हातात धरलं होतं, याचा मला आधारच वाटला.

पुण्याला आपल्या घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ते इकडे आले. मी हरीशला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याने पाटी घेतली, खडू घेतला. मग लिहिलं, नाव काय होतं. मी सांगितलं, दिलीप. मग त्याने लिहिलं, म्हणजे मी धाकटा.

अठ्ठेचाळीस वर्षं हा घरातला एकुलता एक, सगळ्या चुलतभावंडांत थोरला म्हणून मिरवणारा. मला वाटलं त्याला राग आला. तो उठला आणि गाडीची किल्ली घेऊन दारात उभा राहिला.

तिघे गेलो. करंज नाही, काळा दगड नाही. पालिकेने तिथे बाग केली आहे, बाकं आहेत, मुलांची घसरगुंडी आहे. तुझे बाबा थोडा वेळ गोंधळले. मग त्यांनी पलीकडच्या काठावरच्या देवळाचा कळस धरला, जुन्या पुराची रेघ धरली, पावलं मोजली आणि घसरगुंडीच्या अलीकडे हिरवळीवर उभे राहिले. म्हणाले, इथे, हातभर इकडे-तिकडे. त्यांचं मोजमाप चुकत नाही, हे तुमच्या पॅरिशने मान्य केलेलं आहे. मी खाली बसले. हरीश नदीवर गेला आणि मुठीएवढा एक दगड घेऊन आला. पूर्व कुठली ते त्याने मामाला विचारलं.

बागेचा रखवालदार लांबून येत होता. हिरवळीवर बसायला बंदी आहे. त्याने हरीशला काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण हरीशचे ओठ मी स्पष्ट वाचले. तो ताठ उभा होता, आणि म्हणाला की आम्ही आमच्या थोरल्या भावाला भेटायला आलोय.

रखवालदाराने टोपी काढली.

तुझी,
शुभदाआत्या